बाराव्या आठवड्यातलं अक्षर

२०२३ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन होऊन पाच दिवस झाले होते. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला धाकट्या बहिणीच्या घरी डब्यांच्या तळाशी चिवडा आणि मोडक्या चकल्या उरल्या होत्या. शुक्रवारची रात्र, दहा वाजून गेलेले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझी भाची लॅपटॉप उघडून कितीतरी वेळ नुसती बसून होती.

"बाबा, मी फिजिक्स ड्रॉप करतेय," ती म्हणाली.

तिचे बाबा सिंकपाशी भांडी विसळत होते. त्यांचा हात थांबला. "ड्रॉप? म्हणजे वर्ष घालवणार?"

"वर्ष नाही हो. एकच विषय."

"मग नापास होणार होतीस का?"

यावर ती बोलली नाही. मला म्हणाली, "मावशी, तूच सांग ना यांना." आणि मला काहीच सांगता येईना, कारण मलाही ठाऊक नव्हतं. आपल्याकडे 'ड्रॉप घेतला' म्हणजे बारावीनंतर नीट किंवा जेईईसाठी मुलगा वर्षभर घरी बसला. तिच्या कॉलेजात 'ड्रॉप' म्हणजे सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विषय सोडणं, ज्याचा मागमूस कुठे उरत नाही. आणि ती जे करायला निघाली होती त्याला तिथे तिसराच शब्द आहे: विथड्रॉ. त्याची खूण ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायमची राहते. 'डब्ल्यू' हे एकच अक्षर.

मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपत होती. आणि तेरा दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ट्रान्स्फर प्रवेशाचा अर्ज भरण्याची मुदत संपणार होती. या दोन तारखा दरवर्षी अशाच एकमेकींना खेटून येतात. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात शिकून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाऊ पाहणारी हजारो मुलं त्या आठवड्यांत हाच हिशेब मांडत बसतात. त्या रात्रीनंतर मी हा हिशेब समजून घ्यायला लागले. कौन्सेलरना भेटले, नियम वाचले, मुलांशी आणि त्यांच्या आईबाबांशी बोलले. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आणि मुलांना तिकडे पाठवू पाहणाऱ्या आपल्या घरांत या अक्षराविषयी भीती खूप आणि माहिती थोडी आहे, म्हणून हे लिहिते आहे.

४६ डॉलरचा जिना

भाची ज्या वाटेवर होती ती वाट १९६० मध्ये आखली गेली. क्लार्क कर तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने राज्याने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसी. वरच्या एक-तृतीयांशासाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू. आणि कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांसाठी, दार सताड उघडं. पण या योजनेचा प्राण चौथ्या गोष्टीत होता. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं नीट शिकलेल्याला विद्यापीठात वर चढायला जिना असेल, हे वचन त्या योजनेत होतं.

आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशांना तिथे एका युनिटला ४६ डॉलर पडतात आणि हा दर २०१२ पासून तसाच आहे. युनिट म्हणजे आपल्याकडचा श्रेयांक. साधारण विषय तीन ते पाच युनिटांचा, आणि यूसीत जायला सत्रपद्धतीची ६० युनिटं लागतात. नुसती फी धरली तर अडीच-तीन हजार डॉलरमध्ये पदवीची पहिली दोन वर्षं होतात. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात शिकून पुढे बर्कलीला गेले. मराठी घरांत अजूनही कम्युनिटी कॉलेजचं नाव काहीसं खालच्या आवाजात घेतलं जातं, पण सीएसयूच्या पदवीधरांपैकी जवळजवळ निम्मे आणि यूसीच्या पदवीधरांपैकी चारांत एकाहून अधिक जण याच जिन्याने वर आलेले असतात.

जिना आहे, पण चढणारे थोडे. राज्याच्या लेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. २०१७ ते २०१९ या काळात ट्रान्स्फरचं उद्दिष्ट ठेवून कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष ट्रान्स्फर झालेले होते पाचातले सुमारे एक. बाकीचे कुठल्या ना कुठल्या पायरीवर थांबले. कोणी पैशांनी, कोणी नोकरीने, कोणी घरच्या आजारपणाने, कोणी गणिताने. यातल्या कितीतरी जणांच्या ट्रान्सक्रिप्टवर थांबण्याआधी एक-दोन डब्ल्यू दिसतात. म्हणून हे अक्षर म्हणजे अपयशाची सुरुवात, असं लोकांना वाटतं. मला पुढे कळलं ते याच्या बरंचसं उलट होतं.

तीन खिडक्या

सोळा आठवड्यांच्या सत्रात विषय सोडण्याच्या तीन खिडक्या असतात. पहिली सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांची. विषय आवडला नाही, वेळ जमली नाही, प्राध्यापकांची पद्धत पटली नाही, तर विषय सोडा. ट्रान्सक्रिप्टवर नोंद होत नाही. ती बंद झाली की दुसरी उघडते. राज्याच्या नियमाप्रमाणे ती फार तर सत्राचे ७५ टक्के होईपर्यंत उघडी ठेवता येते, म्हणजे बाराव्या आठवड्यापर्यंत. या काळात सोडलेल्या विषयासमोर डब्ल्यू लागतो. त्यानंतर सोडणं नाही. परीक्षेला बसा किंवा बसू नका, श्रेणी मिळणारच. तिसरी खिडकी फार अरुंद आहे. अपघात, गंभीर आजार, विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं काही घडलं, तर अर्ज करायचा आणि पुरावे जोडायचे.

मुंबई-पुण्यात शिकलेल्या पालकांना हे उमगायला वेळ लागतो, कारण आपल्या विद्यापीठांत मधली खिडकी कधी नव्हतीच. विषय अवघड गेला की केटी. पुढच्या वर्गात बसायचं, मागचा विषय ओढत न्यायचा, सुटला की सुटला. केटी लागते ती परीक्षा झाल्यावर; डब्ल्यू घ्यायचा तो परीक्षेआधी. केटी निकाल देतो, डब्ल्यू विद्यार्थी स्वतः मागून घेतो. दोन्हीतला खरा फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला इथे बाराव्या आठवड्यात, हातात दोन मिडटर्मचे गुण घेऊन, स्वतःविषयी निर्णय करावा लागतो.

भाचीने त्या सत्रात १७ युनिटं घेतली होती आणि आठवड्याला वीस तास एका दुकानात काम करत होती. फिजिक्सचा दुसरा भाग, विद्युत आणि चुंबकत्व, पाच युनिटांचा, लॅबसकट. पहिल्या मिडटर्मला ५८, दुसऱ्याला ४१. लॅबचे अहवाल ती रात्री एक वाजता लिहायची. मन लावून शिकणारी मुलगी, पण दिवसाचे तास कुठून वाढवणार?

बेरीज, वजाबाकी आणि 'सी'चा सापळा

तिच्याकडे तोपर्यंत पूर्ण झालेली ३८ युनिटं होती आणि जीपीए, म्हणजे श्रेणीगुणांची सरासरी, ३.७. तिने मला कागदावर मांडून दाखवलं. बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त फिजिक्स धरायचं. एफ आला तर जीपीए ३.२७ वर येतो. कसाबसा सी मिळाला तर ३.५०. डब्ल्यू घेतला तर ३.७ तसाच राहतो, कारण डब्ल्यूला गुण नाहीत. तो बेरजेतही नाही आणि भागाकारातही नाही.

यूसीला राज्यातल्या ट्रान्स्फर विद्यार्थ्याकडून किमान २.४ जीपीए लागतो आणि बाहेरच्यांकडून २.८. पण किमान पुरं पडण्याचे दिवस कधीच गेले. यूसीएलएसारख्या ठिकाणी ट्रान्स्फरच्या अर्जदारांपैकी साधारण चारातल्या एकाला प्रवेश मिळतो, आणि अभियांत्रिकी, संगणकशास्त्र यांची दारं त्याहून अरुंद. तिथे ३.७ आणि ३.५ यांतलं अंतर खरोखरचं आहे.

वाचणाऱ्याला वाटेल की एफ सगळ्यात वाईट. पण या पद्धतीत सी हाही एक सापळा आहे. कम्युनिटी कॉलेजात डी किंवा एफ मिळालेला विषय पुन्हा घेता येतो आणि नव्या श्रेणीने जुनी जीपीएतून निघते. सी म्हणजे मात्र उत्तीर्ण. तो विषय गुण सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. म्हणून ज्या विषयात आपली पकड अजून पक्की नाही हे विद्यार्थ्याला मनातून ठाऊक असतं, त्याच विषयातला सी त्याच्या नावावर कायमचा चिकटतो आणि पुढच्या विषयाचा पायाही कच्चा राहतो. अशा वेळी डब्ल्यू घेऊन विषय नीट पुन्हा शिकणं हा पळपुटेपणा नाही. समजून घेऊनच पुढे जाईन, असं म्हणणं आहे ते.

पण डब्ल्यूही फुकट नाही. एकाच विषयाचे प्रयत्न राज्याच्या नियमाने साधारणतः तीनच, आणि त्यांत डब्ल्यू एक प्रयत्न म्हणून मोजला जातो. दोनदा डब्ल्यू घेतला की तिसऱ्यांदा पार पाडावंच लागतं, नाहीतर कॉलेजकडे विनंती अर्ज करा किंवा दुसरं कॉलेज शोधा. शिवाय प्रगतीचा हिशेब असतो. बारा युनिटांना नाव घातल्यानंतर त्यांतली निम्मी किंवा अधिक युनिटं डब्ल्यू, अपूर्ण किंवा अनुत्तीर्ण अशा नोंदींत गेली की कॉलेज विद्यार्थ्याला प्रोबेशनवर टाकतं. तिथे सलग दोन सत्रं राहिलं की वर्गात नाव नोंदवण्याचा क्रम मागे जातो, हवे ते वर्ग भरून जातात, आणि मग वेळापत्रकच कोलमडतं.

अक्षर नव्हे, साखळी

त्या शुक्रवारी रात्री दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला वेळ नव्हता, तरी एक बरं झालं होतं. भाची त्याच आठवड्यात कौन्सेलरला भेटून आली होती. नंतर मीही त्यांना भेटले. वीसेक वर्षं हेच काम करणाऱ्या बाई. त्यांचं नाव आणि कॉलेजचं नाव इथे नको. त्यांनी मला सांगितलं, मुलं विचारतात, डब्ल्यू दिसला तर वाईट दिसेल का? त्या उलट विचारतात, डब्ल्यूने काय तुटेल?

तुटू शकतात अशा तीन गोष्टी आहेत.

पहिली, विषयांची साखळी. विज्ञान-अभियांत्रिकीत एक विषय दुसऱ्याच्या आधी घ्यावाच लागतो. यांत्रिकीशिवाय विद्युत नाही, विद्युतशिवाय प्रकाश आणि आधुनिक भौतिकी नाही. कलनशास्त्राच्या पहिल्या भागाशिवाय दुसरा नाही. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा तर मुख्य विषयाची ही पूर्वतयारी प्रवेशाआधीच्या वसंत सत्राच्या शेवटी पुरी झालेली लागते. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जातो, हे असिस्ट नावाच्या राज्याच्या माहितीकोशात विषयवार लिहिलेलं असतं. साखळीची सुरुवातीची कडी पहिल्या वर्षी सुटली तर ती नंतर जोडता येते. तीच कडी शेवटच्या वर्षी सुटली तर पुढच्या दोन कड्या वाट बघत राहतात आणि वर्ष जातं.

दुसरी, युनिटांचा आकडा. ६० म्हणजे ६०. ५७ चालत नाहीत.

तिसरी, सात विषयांचा किमान आराखडा. यूसीला इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि इतर शाखांतले चार विषय लागतात. यातला एखादा शेवटच्या सत्रात सोडला, तर बाकी सगळं उत्तम असूनही पात्रताच जाते. इतिहासाचा एक जादा वैकल्पिक विषय आणि इंग्रजी लेखनाचा दुसरा भाग, दोन्हींपुढे डब्ल्यू सारखाच दिसतो, पण त्यांची किंमत सारखी नाही.

भाचीचा हिशेब असा निघाला. फिजिक्स सोडलं तरी त्या सत्रात १२ युनिटं उरत होती. ३८ आणि १२ मिळून ५०. वसंत सत्रात फिजिक्स पुन्हा, आणखी दोन-तीन विषय, मिळून १३ युनिटं. एकूण ६३. साठची रेघ ओलांडली जात होती आणि विद्युत-चुंबकत्व वेळेत पुरं होत होतं. फिजिक्सचा तिसरा भाग मात्र राहून जाणार होता. तिने मनात धरलेल्या कॅम्पसपैकी एका-दोन ठिकाणी तो भाग झालेला असणं प्रवेशाच्या दृष्टीने वजनदार होतं. म्हणजे डब्ल्यूची किंमत होती, पण ती त्या अक्षराची नव्हती. न घेता येणाऱ्या पुढच्या विषयाची होती.

प्रवेश समिती ट्रान्सक्रिप्ट वाचते ती अशीच. वीस-पंचवीस विषयांच्या यादीत एखादा डब्ल्यू, आणि पुढच्या सत्रात त्याच विषयासमोर ए किंवा बी, यात वाचणाऱ्याला एक पुरी गोष्ट दिसते: अडखळली, थांबली, परत आली. दर सत्रात एक-दोन डब्ल्यू, आणि तेही मुख्य विषयाच्या साखळीतच, हे चित्र वेगळं. मग प्रश्न पडतो की विद्यापीठाचा वेग या विद्यार्थ्याला झेपेल का. तो प्रश्न योग्यच आहे. डब्ल्यू एकटा असला तर काही बोलत नाही. त्याच्या आजूबाजूच्या ओळी बोलतात.

अर्जातलं खरेपण

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीत मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही की अर्ज करताना ते ट्रान्सक्रिप्ट मागत नाहीत. विद्यार्थी स्वतः सगळे विषय आणि श्रेणी भरतो. विद्यापीठ त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून निर्णय देतं आणि प्रवेश पक्का करताना कागद तपासतं. म्हणूनच नियम कडक आहे: ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं त्या सगळ्यांची, आणि घेतलेल्या प्रत्येक विषयाची नोंद करायची; डी, एफ, पुन्हा घेतलेले आणि डब्ल्यूसुद्धा. अकरावीत असताना उन्हाळ्यात कुठल्या कॉलेजात एक विषय घेऊन सोडला असेल, तर तोही.

पालकांच्या तोंडून मी हमखास ऐकलेला सल्ला असा: दुसऱ्या कॉलेजातला तो एक डब्ल्यू कशाला लिहायचा, कोणाला कळणार? या सल्ल्याइतकं मुलांचं नुकसान कुठला डब्ल्यू करू शकत नाही. सांगितलेल्या डब्ल्यूने क्वचित प्रवेश जातो. लपवलेला डब्ल्यू जुलैत सापडला तर मिळालेला प्रवेशही जातो, आणि जातो तो अप्रामाणिकपणाच्या शेऱ्यासह.

अर्ज गेल्यावर जानेवारीत एक अद्ययावत माहितीपत्रक भरायचं असतं, मुदत जानेवारीअखेर. शरद सत्राच्या खऱ्या श्रेणी आणि वसंत सत्राचे विषय त्यात द्यायचे. नोव्हेंबरच्या अर्जात 'चालू आहे' म्हणून लिहिलेला विषय डिसेंबरपर्यंत डब्ल्यू झाला असेल, तर ते सांगण्याची जागा ही. आणि कारण सांगायचं असेल, तर अर्जातच अधिक माहितीसाठी ५५० शब्दांपर्यंत मोकळी जागा असते. कौन्सेलरबाई सांगत होत्या की मुलं तिथे एकतर काहीच लिहीत नाहीत किंवा रडगाणं गातात. तीन वाक्यं पुरतात: काय झालं, मी काय केलं, आता काय वेगळं आहे.

खरा धोका त्यानंतर असतो. एप्रिलमध्ये प्रवेशाचं पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात, आणि मे महिन्यात एखादा विषय जड जातो. मुलगा म्हणतो, आता प्रवेश मिळालाच आहे, सोडून देऊ. पण ते पत्र सशर्त असतं. सांगितलेले विषय पूर्ण करीन, ठरलेल्या श्रेणीखाली जाणार नाही, बदल झाला तर आधी कळवीन, अशा अटी विद्यार्थ्याने मान्य केलेल्या असतात. नोव्हेंबरातला डब्ल्यू अर्जातली एक ओळ असतो; मेमधला तोच डब्ल्यू करारभंग ठरू शकतो.

या अटी कागदापुरत्या नाहीत हे २०१७ च्या उन्हाळ्यात दिसलं. यूसी अर्व्हाइनने सत्र सुरू होण्याच्या दोन महिने आधी ४९९ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द केले. त्यांतले २९० ट्रान्सक्रिप्ट वेळेत न पोचल्यासारख्या कागदपत्रांच्या कारणांवरून. देशभर संताप उसळला. कुलपती हॉवर्ड गिलमन यांनी माफी मागितली आणि कागदांवरून गेलेले प्रवेश परत दिले. गुणांच्या अटी ज्यांनी पाळल्या नव्हत्या, त्यांना मात्र तो दिलासा सरसकट मिळाला नाही. ती मुलं मुख्यतः शाळेतून आलेली होती, पण धडा ट्रान्स्फरवाल्यांनाही तोच आहे. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचलंच पाहिजे, आणि त्यावर काय आहे हे विद्यापीठाला आधी ठाऊक असलं पाहिजे.

एकाच अक्षराची वेगवेगळी किंमत

भाची तिथेच जन्मली, घरी राहते, फी परवडते. तिच्यासाठी डब्ल्यू हा शिक्षणाचा प्रश्न होता. सगळ्यांसाठी तो तेवढाच नसतो.

सरकारी मदतीवर शिकणाऱ्याला दोन हिशेब सांभाळावे लागतात. एक, नाव घातलेल्या युनिटांपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण झालेली असावी लागतात. जीपीएत नसलेला डब्ल्यू या टक्केवारीत मात्र अपूर्ण म्हणून बसतो. दोन, सत्राचे ६० टक्के होण्याआधी सगळेच विषय सोडले, तर मिळालेल्या मदतीचा काही भाग परत करावा लागतो. ज्या घरात ते पैसे भाड्यात गेलेले असतात, तिथे हे पत्र येतं तेव्हा मूल शिक्षणच सोडतं.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यासाठी तर हा राहण्याच्या हक्काचा प्रश्न होतो. त्याला दर सत्राला १२ युनिटांची पूर्ण वेळ नोंदणी ठेवावी लागते. तेरा युनिटं घेऊन चारांचा विषय परवानगीविना सोडला, की तो नऊवर येतो आणि त्याचा व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. यावर कायद्यात सोय आहे. सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या वर्गात बसवलं जाणं, अशा कारणांसाठी एकदा भार कमी करून मिळतो, पण निम्म्याच्या खाली नाही. वैद्यकीय कारणासाठी एकूण बारा महिन्यांपर्यंत. मात्र ही परवानगी आंतरराष्ट्रीय विभागाच्या अधिकाऱ्याकडून विषय सोडण्याच्या आधी घ्यावी लागते. पुणे-नाशिकहून मुलाला पाठवणाऱ्या आईबाबांनी बाकी काही नाही तरी हे एक वाक्य लक्षात ठेवावं: बटण दाबण्याआधी त्या अधिकाऱ्याला भेटायचं.

आणि आपल्या घरांत आणखी एक गट आहे, ज्याच्याविषयी फार कमी बोललं जातं. आईबाबांच्या एच-१बीवर एच-४ म्हणून लहानपणी आलेली मुलं. ग्रीन कार्डची रांग इतकी लांब की मूल २१ वर्षांचं होतं आणि एच-४ संपतो. कम्युनिटी कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात हे नेमकं घडतं. ज्या मुलीला काल अर्धवेळ शिकायची मुभा होती, ती आज एफ-१ वर येते आणि १२ युनिटांच्या नियमात सापडते. बे एरियात, सॅन डिएगोत अशा मुलांच्या आया मला भेटल्या. विषय सोडू का, या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्यांना वकिलाला फोन करावा लागला होता.

जेव्हा संस्थेनेच अक्षर बदललं

मार्च २०२०. एका आठवड्यात सगळी कॉलेजं पडद्यावर गेली. मुलं धाकट्या भावंडांसोबत एकाच टेबलावर, एकाच वायफायवर, काही जण मोटारीत बसून वर्ग ऐकत होती. तेव्हा राज्याने 'एक्सक्यूज्ड विथड्रॉअल', ईडब्ल्यू, या नोंदीचा आधार घेतला. ही सोय महामारीआधीच नियमांत होती, पण तिचं नाव त्या वर्षी सर्वांना कळलं. ईडब्ल्यू प्रयत्नांत मोजला जात नाही, प्रोबेशनच्या हिशेबातही नाही. यूसीनेही त्या काळापुरती उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढीच नोंद चालवून घेतली.

मला त्या निर्णयात मोठा अर्थ दिसतो. विषय सुटतो तेव्हा दोष दरवेळी शिकणाऱ्याचा नसतो, हे संस्थेने लिहून दिलं. महामारी सगळ्यांना एकदम दिसली म्हणून ते सोपं गेलं. एखाद्या घरातली आजारी आजी, रात्रपाळी, घरमालकाची नोटीस कोणाला दिसत नाही. ईडब्ल्यूचा अर्ज आजही करता येतो. त्यासाठी कागद लागतात आणि हे सांगणारं कोणीतरी लागतं. ज्यांच्या घरात कॉलेजात गेलेलं आधी कोणी नाही, त्यांना सांगणारं बहुधा नसतंच. जिन्यावर थांबलेल्या पाचांतल्या चारांमध्ये ती मुलं किती असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडेही आता श्रेयांकांची बँक आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये तिचे नियम केले. एका ठिकाणचे श्रेयांक घेऊन दुसऱ्या ठिकाणी जाता येईल, मध्येच थांबून परत येता येईल, असा तिचा उद्देश आहे. आपणही जिना बांधायला घेतला आहे. तो बांधताना मध्येच थांबलेल्याची नोंद आपण कशी ठेवणार, आणि ती कशी वाचणार, हे आधी ठरवलेलं बरं.

एम-थ्री

त्या शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला भाचीने बटण दाबलं. ती रडली नाही. लॅपटॉप मिटून झोपायला गेली. डिसेंबरात बाकीचे तीन विषय चांगले गेले. जानेवारीच्या माहितीपत्रकात तिने मोजक्या वाक्यांत लिहिलं की १७ युनिटं आणि नोकरी मिळून पेलवलं नाही, नोकरीचे तास निम्मे केले आहेत, आणि फिजिक्स पुन्हा घेतलं आहे. वसंत सत्रात ती दर मंगळवारी शिकवणी केंद्रात जाऊन बसायची.

एप्रिलमध्ये निकाल आले. जिथे फिजिक्सचा तिसरा भाग वजनदार होता त्या दोन्ही ठिकाणी नकार. तिसऱ्या ठिकाणी, तिच्याच मुख्य विषयात, प्रवेश मिळाला.

जूनच्या शेवटी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला होतं. त्यासाठी मी पुन्हा तिकडे गेले. अधिवेशन रविवारी संपलं आणि सोमवारी १ जुलै, ट्रान्सक्रिप्ट पोचण्याची शेवटची तारीख. ते कॉलेजने आठवड्यापूर्वीच पाठवलं होतं, तरी तिचे बाबा त्या रात्री त्याची प्रत टेबलावर घेऊन बसले. एकेक ओळ बोटाने वाचत गेले. शरद २०२३ पाशी बोट थांबलं. फिजिक्स, डब्ल्यू. मग खाली गेलं. वसंत २०२४. फिजिक्स, ए.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला एम-थ्रीत केटी होती."

पुण्यात अभियांत्रिकी केलेल्या कोणालाही एम-थ्री सांगावं लागत नाही. गणिताचा तिसरा पेपर; दोन वर्षं तो त्यांच्या मानेवर होता. माझ्या बहिणीच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"कधी सुटली?" भाचीने विचारलं.

"तिसऱ्यांदा. रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसून अभ्यास करायचो. घरी कधी सांगितलं नाही. आजोबांना वाटायचं मी एकदाही अडलो नाही."

"आणि मला का नाही सांगितलंत बाबा? नोव्हेंबरात?"

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "तू सांगितलंस ना आम्हाला," ते म्हणाले. "तेव्हाच मीही सांगायला हवं होतं."